‘आजाराची प्रगती’ म्हणजे काय, ते रुग्णाला आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी 34 वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. सुरुवात केली तेव्हा खिळे जुळवले जात, निवृत्त झाले तेव्हा सगळं संगणकावर आलं होतं. पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, युनियनची पत्रकं, जे टेबलावर येईल ते वाचलं. मूळ प्रत डावीकडे, मुद्रित उजवीकडे, आणि दोन्हींत काना-मात्रेचा फरक राहू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम. हे पत्र मी एका शब्दासाठी लिहिते आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रगती’.

आमचे हे लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढं पंचवीस वर्षं वेगवेगळ्या इमारतींत वॉचमनची नोकरी केली. रात्रपाळीत जागं राहण्यासाठी लागलेली तंबाखू मात्र सुटली नाही. 2019 मध्ये डाव्या गालाच्या आतली जखम भरेना म्हणून दाखवलं, तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, मग शेक (रेडिएशन) दिले. तीन वर्षं बरी गेली. 2022 च्या गणपतीनंतर मानेत गाठ लागली आणि फुप्फुसातही ठिपके दिसले. केमोचे दोन प्रकार देऊन झाले. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, “नेहमीची औषधं आता उपयोगाची नाहीत. एका नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे. बाबा त्यात बसतात का ते बघू या.”

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. डॉक्टरांच्या टेबलावर साठ-साठ फायली असत आणि तरीही ते ह्यांच्याशी कधी खेकसून बोलले नाहीत. मला जे म्हणायचं आहे ते एका रुग्णालयापुरतं नाही.

आम्हाला 22 पानांचं मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र दिलं. घरी नेऊन वाचा, घाई नाही, असंही सांगितलं. ते फार चांगलं केलं. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसती तीन अक्षरं आणि चार आकडे होते. त्या रात्री मी जुन्या सवयीनं लाल पेन घेऊन बसले. नातवाकडून इंग्रजी प्रतही मागवून घेतली होती. तो एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचा आणि मी मराठीशी ताडून पाहायची.

“विषयास अभ्यास औषध तोंडावाटे प्रशासित केले जाईल.” हे पहिलं वाक्य ज्यावर मी थांबले. विषय म्हणजे आमचे हे. औषध ‘प्रशासित’ करणार म्हणजे ह्यांना गोळी गिळायला देणार. पुढं ‘डोस-मर्यादित विषाक्तता’ होतं, ‘प्रतिकूल घटनांची श्रेणी’ होती. चौथ्या पानावर लिहिलं होतं, “या अभ्यासाचा प्राथमिक उद्देश कमाल सहनीय मात्रा निर्धारित करणे हा आहे.” बाविसाव्या पानापर्यंत मी 63 ठिकाणी खुणा केल्या. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका अगदी थोड्या होत्या. बाकी सगळी वाक्यं व्याकरणानं बरोबर होती आणि एकही माणूस तसं बोलत नाही.

अकराव्या पानावर होतं, “आजाराची प्रगती आढळल्यास विषयाचे अभ्यास औषध बंद करण्यात येईल.” त्या ‘प्रगती’ला मी गोल केला आणि समासात लिहिलं, ‘वाढ’. पुढं नातवाला म्हटलं, चल, पुढचं वाच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला एकच विचारलं, “यात मी बरा होईन असं कुठं लिहिलंय का?” मी म्हटलं, नाही. “नाही होणार असं लिहिलंय?” म्हटलं, तसंही नाही. सोळाव्या पानावर एक ओळ होती, की सहभागातून आपल्याला थेट लाभ होईलच असे नाही. मी ती वाचून दाखवली. ते म्हणाले, “हे तर रेल्वेच्या पासामागे पण असतं.” म्हणजे जबाबदारी झटकायला लिहिलेली ओळ, असं ते समजले. चौथ्या पानावरच्या वाक्याचा आणि या ओळीचा संबंध त्यांना लागला नाही, आणि खरं सांगते, मलाही नीट लागला नव्हता.

तो लावून दिला तिथल्या कोऑर्डिनेटर मुलीनं. साताऱ्याकडची होती. सही करायच्या आदल्या दिवशी तिनं आम्हाला जिन्याजवळच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, “काका, हे औषध माणसांना पहिल्यांदाच देतायत. किती डोस माणसाला झेपतो ते आधी बघायचंय. पहिल्या तिघांना अगदी थोडा दिला. त्यांना झेपला म्हणून पुढच्या तिघांना जास्त दिला. तुम्ही तिसऱ्या गटात. तुमच्या गाठीवर उपयोग झाला तर आनंदच आहे, पण तो होईल असं कोणी सांगू शकत नाही. त्रास मात्र होऊ शकतो. नको वाटलं तर नाही म्हणा, नेहमीचे उपचार कोणी थांबवणार नाही.”

हे थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे नवा साचा आल्यावर करतो तसं.” तिला कळलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं. गिरणीत नवा साचा बसवला की एकदम वेगानं चालवत नाहीत. आधी हळू, मग थोडा वेग, मग आणखी थोडा. कुठल्या वेगाला सूत तुटायला लागतं ते कुणाला तरी उभं राहून बघावं लागतं. मग सगळ्या खात्याला त्याच्या जरा खालचा वेग लावून देतात. ती म्हणाली, “अगदी हेच काका.” ह्यांनी विचारलं, “मग सूत मी का साचा मी?” ती मुलगी गप्प झाली. ह्यांनीच तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “बरं, करू या.”

संपादक महोदय, कॅन्सरच्या नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्याचं इतकं स्वच्छ वर्णन मी पुढं कुठंही वाचलं नाही. बाकीच्या बऱ्याच औषधांचा पहिला टप्पा निरोगी माणसांवर होतो. कॅन्सरची औषधं कडक असतात, म्हणून ती बहुतेक करून ज्यांचे इतर उपाय संपले अशा रुग्णांना देऊन पाहतात. पहिल्या टप्प्यात डोस आणि धोका पाहायचा, दुसऱ्यात गाठीवर परिणाम होतो का ते, आणि तिसऱ्यात चालू उपचारांशी तुलना. यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त ते त्या मुलीसारखं सांगावं लागतं, आणि तिनं सांगितलेलं 22 पानांत कुठंच नव्हतं.

सहीच्या दिवशी कॅमेरा लावला होता. 2019 चे नवी औषधं आणि चाचण्यांविषयीचे जे नियम आहेत, त्यांत नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या चाचणीत बरा न होणारा आजार असलेला रुग्ण असेल तर त्याला माहिती देताना आणि त्यानं संमती देताना चित्रीकरण करावं लागतं. ह्यांनी त्या दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. डॉक्टरांनी फॉर्ममधले मुद्दे भराभर वाचले, प्रत्येकानंतर “समजलं?” विचारलं आणि हे दर वेळी “हो” म्हणाले. अकराव्या पानालाही “हो” म्हणाले. माझी लाल खुणांची प्रत घरी कपाटात होती.

पहिल्या गोळीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ वेळा रक्त घेतलं. औषध रक्तात किती चढतं आणि किती वेळात उतरतं ते मोजायचं असतं. घरी एक डायरी दिली होती. गोळी किती वाजता घेतली, काय झालं, ते रोज लिहायचं. ह्यांच्या डायरीत चौथ्या आठवड्यानंतर ‘जुलाब 5’, ‘जुलाब 7’, ‘तळहाताची साल निघाली’ असं येत जातं. सही मात्र रोज आहे. काळाचौकीहून आम्ही बहुधा बसनंच जायचो. फार थकवा असला तर लेकीचा नवरा यायचा आणि टॅक्सी करायचा.

आठव्या आठवड्यानंतर सीटी स्कॅन झाला. रिपोर्टच्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावी होते. एक तरुण डॉक्टर आले, फाइल चाळत म्हणाले, “काका, प्रोग्रेशन दिसतंय. नियमाप्रमाणं आता ट्रायलमधून बाहेर काढावं लागेल. तुम्ही फॉर्ममध्ये वाचलंच असेल, प्रगती झाली की औषध बंद.” आणि एवढं बोलून त्यांना कुणीतरी बोलावलं म्हणून गेले.

ह्यांचा चेहरा उजळला. मी तो चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते समजले होते की औषधानं काम केलं, प्रगती झाली, आता गोळ्यांची गरज उरली नाही. आमच्या भाषेत प्रगतीचा दुसरा अर्थ काय आहे? पोरांच्या शाळेत प्रगतिपुस्तक मिळतं. बसमधून येताना ते लालबागला उतरू या म्हणाले. चिवडा गल्लीतून नातवासाठी अर्धा किलो चिवडा घेतला. त्यांना स्वतःला वर्षभर चिवडा चावता येत नव्हता. चाळीचा जिना चढताना पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगितलं, “प्रगती आहे म्हणाले डॉक्टर. औषध बंद केलं.” ते म्हणाले, वा वा, देव पावला.

मी रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. जागतिक पद्धतीत असं मोजतात, की गाठींची मापं मिळून पाचव्या हिश्श्यानं, म्हणजे 20 टक्क्यांनी किंवा जास्त वाढली की आजार वाढला असं धरतात. तसं झालंय. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग त्यांनी ‘वाढलं’ म्हणायचं ना. वाढलं हा शब्द मला कळतो.”

ज्या शब्दाला मी स्वतःच्या हातानं गोल केला होता, तो मी त्यांना आधी समजावून सांगितला नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ चुका छापून गेल्या असतील, पण हिचं दुःख जाणार नाही.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले हे इथं सगळं लिहीत नाही. दुखणं भयंकर होतं. ट्रायल सुरू असताना दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारपूस करायचं. ती संपल्यावर महिन्यातून एकदा फोन यायचा. फॉर्ममध्ये त्याला ‘जगण्याचा पाठपुरावा’ म्हटलं होतं. फोनवर नवा आवाज असायचा आणि प्रश्न एवढाच असायचा, “काका आहेत ना?” दुखण्यावर काय करता, असं त्या फोनवर कुणी विचारलं नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांनी त्यांना रात्रीची झोप मिळू शकते, हे आम्हाला चाळीतल्याच एका नर्सबाईंकडून कळलं. जावई आधी घाबरला, मॉर्फिन म्हणजे नशा ना, म्हणून. तिनं समजावलं. अशा रुग्णांना ते सोपेपणानं मिळावं म्हणून 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदासुद्धा बदलला आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन ही अशा रुग्णांची सेवा करणारी देशातली पहिली संस्था 1986 पासून आहे, आणि मी मुंबईत जन्म काढून तिचं नाव 2023 च्या मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं. जूनमध्ये, पहिला पाऊस पडून हिंदमाताला पाणी भरलं त्या दिवशी, हे घरीच गेले.

आता कुणी असं समजू नये की मी ट्रायलच्या विरोधात आहे. चाचण्या झाल्या नसत्या तर आज जी औषधं आहेत तीही नसती. ह्यांच्यासारख्याच रुग्णांवर, याच मुंबईत, टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केलेली एक चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर मला ती एका डॉक्टरीण मुलीनं समजावून सांगितली. निवोलुमॅब नावाचं फार महागडं इंजेक्शन आहे, शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं. एरवी ते 240 मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी देतात. इथल्या डॉक्टरांनी विचार केला की आपल्या गरीब रुग्णाला हे कधीच परवडणार नाही, कमी देऊन चालतं का ते पाहू. त्यांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. तोंडाचा आणि घशाचा आजार बळावलेले 151 रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षानंतर शंभरातले 16 जिवंत होते. थोडं इंजेक्शन दिलेल्यांत 43.

हे ऐकून माझे हात जोडले गेले. एखाद्या परदेशी कंपनीनं आपणहून तपासलं नसतं ते आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी तपासलं. पण मला हेही दिसतं की चांगल्या गटात शंभरातले 43 जिवंत राहिले, तरी 57 वर्षभरात गेले. दोन्ही आकडे एकाच वाक्यात सांगता येतात. मी आत्ता सांगितले.

इथं मला आपल्याशी, म्हणजे वृत्तपत्रांशीही बोलायचं आहे. ‘कर्करोगावर रामबाण औषध’, ‘आता कॅन्सर होणार हद्दपार’ अशी शीर्षकं आपण छापता, आणि आत वाचावं तर प्रयोग उंदरांवर झालेला असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून तयार केलेल्या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचं लोकार्पण झालं. फार अभिमानाची गोष्ट आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. पण तो रक्ताच्या काही ठराविक कॅन्सरसाठी आहे, बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी. ती बातमी आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या भागातली तीन कुटुंबं माझ्याकडे विचारायला आली. एकाच्या घरी जिभेचा कॅन्सर होता, एकाच्या पोटाचा, एकाच्या स्तनाचा. तिघांनी शीर्षकं वाचली होती. त्यांना नाही म्हणून सांगायची वेळ माझ्यावर आली. ते काम शीर्षक लावणाऱ्यानं करायला हवं होतं. औषध कोणत्या कॅन्सरचं, चाचणी कुठल्या टप्प्यावर, किती माणसांवर, कशाच्या तुलनेत, आणि वर्षानंतर शंभरातले किती होते, एवढं आपण पहिल्या परिच्छेदात लिहिलंत तर कितीतरी घरांतले दागिने वाचतील.

दागिने म्हणते ते उगीच नाही. आमच्याच चाळीतल्या एका मुलीनं आईसाठी एका खासगी दवाखान्यात ‘प्रायोगिक पेशी उपचार’ म्हणून सहा लाख रुपये भरले. मंगळसूत्रसुद्धा गेलं. कागद एकच, पैशांची पावती. त्या मुलीला कुणी साधं सांगितलं असतं, की खऱ्या चाचणीत चाचणीचं औषध रुग्ण विकत घेत नाही, तर ती वेळीच सावध झाली असती. आणि खरी चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असते. ही सरकारी नोंदवही 2007 पासून आहे, 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठून यावं.

नियम आपल्याकडे कमी नाहीत. ते मी आता बरेच वाचले आहेत. इंदूर आणि इतर ठिकाणच्या चाचण्यांविषयीच्या तक्रारींवरून स्वयंसेवी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 2013 मध्ये नियम कडक झाले, आणि मग 2019 चे आले. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट मिळतात आणि भरपाईही मिळते. भरपाईच्या सूत्रात आजाराच्या गंभीरतेचा एक गुणक आहे. निरोगी माणसासाठी तो 4 आहे, आणि जो सहा महिन्यांहून जास्त जगण्याची शक्यता नाही त्याच्यासाठी 0.5. हिशेबामागचं कारण मला समजतं. तरी ह्यांच्या नावापुढं तो अर्धा मी सहन करू शकत नाही.

ज्याला औषध लागू पडलं त्याला चाचणी संपल्यावरही ते फुकट मिळत राहावं, अशीही तरतूद त्याच नियमांत आहे. मात्र त्यासाठी डॉक्टरांनी शिफारस करावी लागते आणि चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीनं मान्यता द्यावी लागते. ह्यांच्या गटात सोलापूरची एक बाई होती, तिची गाठ निम्म्यावर आली. तिला ही तरतूद माहीत नव्हती. मलाही तेव्हा नव्हती, नाहीतर मी तिला सांगितली असती.

या नीतिमत्ता समितीत किमान सात माणसं लागतात. त्यात डॉक्टर, कायद्याची जाणकार व्यक्ती यांच्याबरोबर एक सामान्य माणूसही असावा लागतो. माझं मागणं त्या सामान्य माणसाशी बांधलेलं आहे. मराठी फॉर्म आज कुणीतरी इंग्रजीवरून उतरवतो, दुसरा कुणीतरी तो परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून बघतो आणि जुळलं की प्रमाणपत्र मिळतं. ‘प्रोग्रेशन’चं ‘प्रगती’ केलं आणि ‘प्रगती’चं परत ‘प्रोग्रेशन’ केलं की ते अगदी जुळतं. म्हणून तर ते कुणाला सापडत नाही. ती चूक सापडायला ज्याला इंग्रजी येत नाही असा माणूस लागतो. समितीनं कुठलाही मराठी फॉर्म मंजूर करण्याआधी तो अशा दोघा-तिघांना वाचायला द्यावा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावहून आलेले कितीतरी रुग्ण आणि नातेवाईक राहतात, परळच्या फुटपाथवरही आहेत. त्यांच्यातल्याच कुणाला तरी द्या. त्याला वाचून झाल्यावर विचारा, सांगा बघू, काय समजलं? त्यानं स्वतःच्या शब्दांत जे सांगितलं ते चुकलं असेल, तर फॉर्म चुकला.

आणि पहिल्या पानावर, मोठ्या टाइपात, ही वाक्यं हवीत. मी ती जुळवून ठेवली आहेत:

“हे औषध माणसांना पहिल्यांदाच दिलं जात आहे. किती डोस माणसाला झेपतो, ते या चाचणीत पाहायचं आहे. आजार बरा करणं हा या टप्प्याचा उद्देश नाही. तुमच्या गाठीवर उपयोग होईल की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. गाठ वाढली तर औषध बंद करू आणि ‘गाठ वाढली’ असं स्पष्ट सांगू. तुम्ही नाही म्हणालात किंवा मधेच सोडलंत, तरी तुमचे बाकीचे उपचार थांबणार नाहीत. चाचणीत असा किंवा नसा, दुखणं कमी करणारे डॉक्टर तुम्हाला पहिल्या दिवसापासून भेटतील.”

शेवटचं वाक्य मी भावनेच्या भरात घातलेलं नाही. अमेरिकेत 2010 मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला होता. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा नेहमीच्या उपचारांबरोबर मिळाली, त्यातले निम्मे रुग्ण 11.6 महिन्यांहून जास्त जगले. ज्यांना नुसते नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात तो आकडा 8.9 होता. जवळजवळ तीन महिने. एखाद्या नव्या गोळीनं तीन महिने दिले असते तर ती बातमी पहिल्या पानावर आली असती.

साताऱ्याच्या त्या मुलीनं मध्यंतरी नोकरी सोडली असं कळलं. ती कुठं असेल तिथं तिला माझा नमस्कार पोचावा. तिच्यामुळं ह्यांनी जी सही केली ती समजून केली. तिच्यापुरतं तरी संमतीपत्र खरं होतं.

मुंबईतल्या कुठल्याही रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीला मराठी संमतीपत्र वाचून घ्यायचं असेल तर मी वाचून देईन. मोबदला नको. इंग्रजी प्रतही नको, नुसतं मराठी पाठवा. माझ्या हाताला थोडा कंप आहे, डोळे चांगले आहेत. 22 पानांना मला दोन दिवस लागतात. माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयाला कळवला आहे. कुणी मागितला तर जरूर द्यावा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
काळाचौकी, मुंबई 33